मापटंभर ज्वारी

अक्का, तू गेलीस त्याच्या चौदाव्या दिवशी सकाळी साडेसहाला मी सूड घ्यायला सुरुवात केली. आदल्या दिवशी तेराव्याचं जेवण आटोपलं, मनमाडचे पाहुणे दुपारच्या गाडीने परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी बाबांचं पितळी मापटं घेऊन गच्चीवर गेलो. आज तीन महिने होत आले. सूड अजून चालू आहे. तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तू आधी रागावशील आणि मग विचारशील, "आकडे लिहून ठेवलेस का?" ठेवलेत. तुझ्यासारखेच, कॅलेंडरच्या पानांच्या मागे.

तुझ्याबद्दल सगळे फार चांगलं बोलतात. शेजारचे, कॉलेजातले, औषधाच्या दुकानातलासुद्धा. "मॅडम किती शांत होत्या," म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं. तू शांत नव्हतीस. एक वाक्य संपवून दुसरं सुरू करायला तुला श्वास पुरत नव्हता. त्याआधीची तू यांना माहीतच नाही. मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याला नेम धरून खडू मारणारी, बायॉलॉजीचा तास संपला तरी वर्ग न सोडणारी, माझ्याशी चहा गार होईपर्यंत भांडणारी.

आपलं हे शेवटचं भांडण सुरू झालं ते सात वर्षांपूर्वी, रामकुंडावर, बाबांच्या दहाव्याला. पिंड ठेवून दोन तास झाले होते. कावळे समोरच्या भिंतीवर बसून बघत होते, पण एकही शिवेना. मामा हात जोडून बोलले, मी बोललो. अक्काला सांभाळीन म्हणालो, बाबांच्या मनमाडच्या क्वार्टरमधल्या सगळ्या वस्तू नीट ठेवीन म्हणालो. काही उपयोग नाही. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "पम्या, सकाळपासून इथे किती पिंड ठेवले गेलेत बघ. पोट भरलंय रे त्यांचं. बाबांची इच्छाबिच्छा काही राहिलेली नाही." मी तुझ्यावर खेकसलो. मग सगळ्यांच्या देखत मोठ्याने बोललो, की बाबांच्या नावाने वर्षभर रोज पाखरांना मापटंभर ज्वारी घालीन. थोड्या वेळाने एक कावळा आला आणि शिवला. मी तुझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. तू म्हणालीस, "भूक लागली असेल त्याला आता."

सातपूरच्या आपल्या बिल्डिंगमध्ये तू चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली, आणि मी तिसऱ्यावर. मी रोज फर्स्ट शिफ्टला जाण्याआधी गच्चीवर दाणे टाकायचो. कावळ्यांसाठी टाकायचो, खायची कबुतरं. सुरुवातीला सहा-सात होती. तू रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन वर यायचीस, मोजायचीस आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहायचीस. वर्ष संपताना तू मला त्या आकड्यांवरून काढलेली रेघ दाखवलीस. आधी जमिनीला धरून सरपटणारी, मग एकदम अंगावर येणारी. "जोडीला दोन अंडी. ती पिल्लं धड उडायच्या आत पुढची दोन. मला सांग, इथे त्यांना अडवणारं काय आहे? मांजर चौथ्या मजल्यावर चढत नाही, दाणा न चुकता येतो, आणि घरट्यांना आपले डक्ट आहेत." मी म्हणालो, बाबा खूश असतील. तू कपाळावर हात मारून घेतलास.

वर्ष झालं आणि माझा नवस संपला. पण तोवर सोसायटीला नवा चेअरमन मिळाला होता. त्याचं नाव लिहून मी हा कागद विटाळणार नाही. त्याने गच्चीवर टाइल्सचा चबुतरा बांधला, शेजारी पत्र्याची मोठी कोठी ठेवली, आणि वाढदिवस असो की वर्षश्राद्ध, लोकांकडून पोती घ्यायला लागला. तो स्वतः रोज सकाळी चबुतरा झाडायचा. मला भेटला की म्हणायचा, "मूळ प्रेरणा तुमची हो." मी छाती फुगवून घ्यायचो. मला तेव्हा कुणीतरी दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

मग एका वर्षी तुझ्या पानावरची रेघ आडवी झाली. रविवारमागून रविवार जवळजवळ तोच आकडा. मी म्हणालो, चला, थांबलं एकदाचं. तू म्हणालीस, "थांबलं नाही. जेवढी जन्मतात तेवढी मरतात. या गच्चीची तेवढीच ऐपत आहे. डक्टमध्ये वाकून बघ एकदा, खाली काय पडलंय ते." मी वाकून बघितलं. तुझ्या मोरीच्या खिडकीखाली पिसं, काड्या, फुटकी अंडी, वाळलेली पिल्लं आणि हातभर विष्ठा. ती धूळ तुझ्या घरात येत होती. आणि तू कोरडं खोकायला लागली होतीस.

तुला मनमाडची बरणी आठवत असेल. रेल्वे क्वार्टरच्या माळ्यावर तू काचेच्या बरणीत गहू भरून त्यात दहा-बारा सोंडे सोडले होतेस. रोज दुपारी मोजायचीस. ते वाढत गेले, बरणी काळी झाली, मग वाढायचे थांबले आणि मरायला लागले. मला त्यांची कीव आली. तू शाळेत गेलीस तेव्हा मी गुपचूप एक मूठ गहू आत टाकले. आठवडाभराने सोंडे पुन्हा वाढले. तू बरणीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. आईने विचारलं, डब्यातले गहू कुणी सांडले, तर तू म्हणालीस, "माझ्याकडून सांडले." तो मार तू खाल्लास. मला तू एवढंच म्हणालीस, "आता मला कळणार नाही ना, आपसूक काय झालं असतं."

खोकला वाढला तशी मी लढाई सुरू केली. टूलरूममधल्या जुन्या नायलॉन जाळीचा सापळा केला, एका रविवारी शंभरेक कबुतरं धरली, खोक्यांत भरली आणि निवृत्तीच्या पिकअपमधून हरसूलच्या बाजारापुढच्या डोंगरात नेऊन सोडली. निवृत्ती तिकडचाच. आमच्या कंपनीत माल पोचवायला यायचा. कबुतरं सोडली तशी तो आभाळाकडे बघत म्हणाला, "भाऊ, ही पाखरं लय येडी नाय हां. ती बघा, नाशिककडंच तोंड हाय त्यांचं." मी त्याला गप्प केलं. वाटेत आम्ही मिसळ खाल्ली, चहा घेतला, विजयाने घरी आलो. तू गच्चीच्या दारात उभी होतीस. "या," म्हणालीस, "मंडळी मघाशीच आलीत. तुझी वाट बघतायत." अक्का, तू किती हसलीस त्या दिवशी. कठड्याला धरून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेचना. मी तुला धरून खाली आणलं. तुझं ते शेवटचं मोठं हसू माझ्या मूर्खपणामुळे मिळालं, म्हणून त्या दिवसाबद्दल मी स्वतःला माफ केलंय. एवढ्या एकाच दिवसाबद्दल.

त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. त्यांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "घरात पक्षी आहेत? कुणी पाळलेत? दाणे कोण घालतं?" मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होतो. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सोसायटी घालते." डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक होत चालली आहेत, गेलेलं परत येणार नाही, आहे ते वाचवायचं तर ती धूळ बंद झाली पाहिजे. घर बदला म्हणाले. तू घरी येऊन म्हणालीस, "मी का बदलू? मी काय केलंय?" डक्टकडची खिडकी आपण चिकटपट्टी लावून बंद केली.

मग वार्षिक सभा. तू चार जिने उतरून पार्किंगमध्ये आलीस, खुर्चीला धरून उभी राहिलीस. तू काही भीक मागायला आली नव्हतीस. कबुतरांना मारू नका, असंच म्हणालीस. दाणा हळूहळू कमी करा, अंडी कमी होतील, काही दुसरीकडे जातील, कुणी उपाशी मरणार नाही. चेअरमनने तुला मध्येच तोडलं. "मॅडम, हे कॉलेजात शिकवा. मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढायचा होय? आणि सुरुवात तर तुमच्याच भावाने केलीये, विचारा त्यांना." लोक हसले. सगळे माझ्याकडे वळले. तू म्हणालीस, "त्याने बाबांसाठी केलं." एवढं बोलून तुझा श्वास संपला आणि तू खाली बसलीस. मी उठलो नाही. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो. दुकानदाराशी, कंडक्टरशी, फोरमनशी भांडणारा मी त्या दिवशी तोंड शिवून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी उंदराचं औषध आणलं. तुझ्यासमोर टेबलावर ठेवलं. तू पुडी हातात घेऊन उलटसुलट केलीस आणि अडखळत म्हणालीस, "अर्धी मारशील. मग दाणा तेवढाच, खाणारी अर्धी. उरलेल्यांची चंगळ. वर्षाच्या आत गच्ची पुन्हा भरेल. तू कबुतरांच्या मागे लागतोस आणि पोत्याकडे बघत नाहीस." मी ओरडलो, मग मी त्या चेअरमनलाच ती पुडी चारतो. तू म्हणालीस, "त्याच्या जागीही निवडून येईल कुणीतरी." पुडी तू संडासात ओतलीस.

तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. मी हात जोडायच्या आत. सगळे म्हणाले, बाईंची कसलीच इच्छा राहिली नाही. मला एवढा राग आला की मी त्या कावळ्याला दगड मारणार होतो. निदान एक तरी इच्छा ठेवायची होतीस, मला पुरी करायला.

तेराव्याला चेअरमन आला. डोळे पुसत आला. म्हणाला, मॅडमच्या स्मरणार्थ चबुतरा मोठा करू, त्यांच्या नावाची पाटी लावू, ज्वारीचं पहिलं पोतं माझ्याकडून. अक्का, ज्याने तुझा श्वास नेला त्यावर तो तुझंच नाव कोरणार होता. बायकोने, मंदाने, माझा दंड घट्ट धरला, तिला वाटलं मी त्याला जिन्यावरून ढकलतो. मला स्वतःलाही तसंच वाटलं होतं. पण माझ्या तोंडून फार गोड आवाज निघाला. "लावा पाटी. एकच अट. दाणा रोज मी घालणार. कोठीची किल्ली माझ्याकडे. बहिणीच्या नावाचं आहे, दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको." त्याचे डोळे पुन्हा भरून आले. त्याने किल्ली आपल्या जुडग्यातून काढून माझ्या तळहातावर ठेवली.

पहिल्या दिवशी मी काहीही घातलं नाही. रिकामं मापटं घेऊन उभा राहिलो आणि शेकडो कबुतरं माझ्या पायांत घोटाळताना बघत राहिलो. मरा, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या मोरीच्या डक्टमधून पिल्लांची चिरचिर ऐकू आली आणि तू खुर्चीला धरून उभी असलेली दिसलीस. हळूहळू, म्हणाली होतीस. मी शिव्या देत वर गेलो आणि दाणा घातला. रोज पंचवीस मापटी पडत होती. त्या आठवड्यात बावीस घातली. पुढच्या आठवड्यात वीस. मग अठरा, आणि तिथून पुढे आणखी सावकाश. लोक पोती देत राहिले, मी हसून घेत राहिलो, आणि निवृत्ती महिन्यातून दोनदा येऊन उरलेली ज्वारी हरसूलला नेत राहिला. "आमच्या कोंबड्या तुमच्या अक्कांना लय दुवा देत्यात," म्हणतो. रविवारी मी मोजतो. तुझी आडवी रेघ वाकली आहे. ती खाली येताना बघून मला जे सुख होतं ते देवळात कधी झालं नाही.

गेल्या पंधरवड्यात चेअरमन वर आला. तुझ्या पाटीवरून हात फिरवत म्हणाला, "कबुतरं रुसली हो. मॅडम गेल्या, त्यांनाही कळतं." याच क्षणासाठी मी थांबलो होतो. आता सांगणार होतो, की त्यांना मी उपाशी ठेवतोय, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच किल्लीने. तेवढ्यात तो खोकला. कोरडा, पाठोपाठ दोनदा, शेवटचा घशातच अडकलेला. मग कठड्याला धरून उभा राहिला. "हवा बदललीये," म्हणाला. "जिना चढला की होतं असं. महिनाभर आहे."

अक्का, तो खोकला मी डोळे मिटून ओळखला असता. सहा वर्षं तो रोज सकाळी ती धूळ झाडत होता. मी म्हणालो, "हो, हवाच आहे." घरी आलो आणि पोटभर जेवलो. मंदा म्हणाली, आज बऱ्याच दिवसांनी तुम्ही नीट जेवलात. तीन दिवस मी गप्प राहिलो आणि ते तीन दिवस मला छान झोप लागली. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त बोलायचं नव्हतं, आणि ते तर मला सभेतच जमलं होतं.

रविवारी मोजून झाल्यावर मागच्या वर्षांचे आकडे ताडून बघावे म्हणून मी तुझी सगळी पानं काढली. आधी फक्त आकडे बघत आलो होतो. या वेळी कडेचं बारीक अक्षरही वाचलं. तू दाण्यांचाही हिशेब ठेवला होतास, कुणी किती घातले. सभेच्या रविवारी आकड्यापुढे लिहिलंय: "सभा. पम्या गप्प." बस, एवढंच. पुढे काही नाही. आणि मग दर अमावास्येला, एकही न चुकता, डॉक्टरकडे जाऊन आल्यानंतरच्या महिन्यांतही, तू ऑक्सिजनच्या मशीनवर होतीस त्या महिन्यांतही: "पम्या, एक मापटं."

नवस संपला तरी बाबांसाठी मी अमावास्येला मापटंभर घालत होतो. कुणालाच माहीत नव्हतं. मंदालाही नाही. मला वाटायचं, एवढ्याने काय होतंय. डोक्यावरच्या स्लॅबवर माझी पावलं तुला ऐकू जात असणार. तू खाली पडून ऐकत होतीस आणि लिहीत होतीस.

मी ती पानं घेऊन चेअरमनच्या घरी गेलो. त्याला वाचवायला गेलो नव्हतो, हे तुला नीट सांगतो. त्याला कळावं म्हणून गेलो. तुझी फाइल त्याच्या पुढ्यात टाकली, तुझ्या फुप्फुसांचा पहिला फोटो आणि शेवटचा. डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. म्हटलं, "हाच खोकला. तिचा उशिरा कळला, तुमचा मी लवकर सांगतोय. तुम्ही जगलात तर तिने तुम्हाला जगवलंय, आणि हे मी तुम्हाला जिन्यात, पार्किंगमध्ये, भेटाल तिथे आठवण करून देणार आहे." कबुतरांचंही सांगितलं. तो फोटो उजेडात धरून बसला, डॉक्टर धरतात तसा. मग म्हणाला, "मी त्यांना बोलू दिलं नाही." मी म्हणालो, "मग आता सभेत तुम्ही बोला. ती बोलत होती तेच, तिथून पुढे." तो हो म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता, आणि मला बरं वाटलं. सभेत तो बसला की मी उठणार आहे. सुरुवात कुणी केली आणि कुठवर चालू ठेवली, ते सांगायला.

आज अमावास्या. सकाळी हात सवयीने मापट्याकडे गेला. भरलं, वर गेलो, कठड्याशी उभा राहिलो. रोजची चौदा मापटी घालून झाली होती, हे बाबांचं. कबुतरं मान वाकडी करून बघत होती. मी ते परत कोठीत ओतलं, कुलूप लावलं आणि खाली तुझ्या खोलीत आलो. डक्टकडच्या खिडकीची चिकटपट्टी सोलली. भिंतीचा रंगही सोबत निघाला. समोरच्या कोनाड्यातलं घरटं रिकामं होतं. वारा आत आला, थोडा वास होता, पण घेववत होता. तुझ्या पलंगावर बसून मी तुझ्याशी मोठ्याने भांडलो. डॉक्टरांना का नाही सांगितलंस, सभेनंतर माझी कानउघाडणी का नाही केलीस, वर येऊन माझा हात का नाही धरलास. एका दमात बोललो. मला श्वास पुरला.

चेअरमनवर सूड उगवून झाला, अक्का. माझ्यावर उगवायचा तो फक्त तुझा हक्क होता, आणि तू कॅलेंडरच्या मागे नुसतं "एक मापटं" लिहून ठेवलंस.